सायकलचा बीबी बदलताना: सुटे छर्रे की बंद कार्ट्रिज?

पायडल मारताना खालून कट्-कट् आवाज आला की नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात लगेच उत्तर मिळतं, "बीबी गेला." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन पायडलांच्या मधे फ्रेममध्ये बसलेलं बेअरिंग. आधी घरीच बघा. चेन उतरवा, क्रँक (पायडलचा दांडा) धरून आडवा हलवा. दोन्हीकडचे सारखे डुगडुगले तर बीबी. एकच हलला तर बहुधा त्याचा नट ढिला आहे.

जुन्या पद्धतीच्या बीबीत एक्सल (मधला आस), दोन कप (छर्रे बसतात त्या वाट्या) आणि बहुतेक वेळा दर बाजूला पाव इंची ११ छर्रे. तो उघडता येतो, हेच त्याचं मोठेपण. दर पावसाळ्यानंतर रॉकेलने धुवा, नवं ग्रीस भरा, वर्षानुवर्षं चालतो. बाबांच्या सायकलीचा एक्सल मी पुसून बघितला, तर छर्ऱ्यांच्या वाटेवर नख अडकेल असे खड्डे होते. तिथे ग्रीसचा उपयोग नाही. एक्सल आणि कप बदलायचेच.

कार्ट्रिज म्हणजे एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेला तयार भाग, तो बंद असतो. फुटाळा तलावाकडून भर पावसात या, पाणी सहजी आत जात नाही. कित्येक हजार किलोमीटर त्याच्याकडे बघावं लागत नाही. पण एकदा घरघर लागली की दुरुस्ती नाही, अख्खं नवंच. काढताना जपा: बहुतेक सायकलींत चेनकडच्या कपाला उलटे आटे असतात. चुकीच्या दिशेने जोर लावला तर फ्रेमचे आटे जातात.

रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्याने कार्ट्रिजच घ्यावं, असं माझं ठाम मत. कॉटर पिनवाली (क्रँक एक्सलला खिळीने अडकवलेली) जुनी सायकल मात्र छर्ऱ्यांवरच ठेवा. दुकानात जाताना जुना एक्सल सोबत न्या, लांबी जुळली पाहिजे.