पीएलएफएसचा मासिक आकडा: फुकट आहे, वेळेवर आहे, पुण्यापुरता मात्र नाही

महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचं एक आटोपशीर पीडीएफ येतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा झळकतो: बेरोजगारी घटली, नाहीतर वाढली. हे पीडीएफ म्हणजे पीरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हेचं, म्हणजे पीएलएफएसचं, मासिक पत्रक. पहिलं पत्रक १५ मे २०२५ला आलं, एप्रिल महिन्याचं. त्याआधी ग्रामीण भागाचे आकडे वर्षातून एकदाच मिळायचे, शहरांचे तीन महिन्यांनी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत अर्थशास्त्राचा पेपर घोटणारे, हिंजवडीत भरतीचं नियोजन करणारे, चाकणला माणसं पुरवणारे आणि बातमीदार, सगळे हाच आकडा उचलतात. म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने तो नीट तपासून पाहायला हवा.

आधी चांगलं काय ते. जानेवारी २०२५पासून या सर्वेक्षणाची रचनाच बदलली. पूर्वी देशभरात १२,८०० गावं आणि शहरी ब्लॉक निवडत, प्रत्येकातून ८ कुटुंबं घेत. आता २२,६९२ गावं-ब्लॉक आणि प्रत्येकी १२ कुटुंबं, म्हणजे एकूण २,७२,३०४. निवडलेल्या कुटुंबाकडे सलग चार महिने जातात, त्यामुळे लागोपाठच्या दोन महिन्यांत तीन-चतुर्थांश नमुना तोच राहतो. याचा फायदा मोठा आहे. दर महिन्याला सगळीच नवी घरं घेतली असती तर आकडा नुसत्या नमुन्याच्या फरकानेच वरखाली झाला असता. माहिती टॅबवर भरली जाते, त्यामुळे पत्रक दीड महिन्याच्या आत हातात पडतं. सरकारी आकडेवारीच्या मानाने हा वेग खरोखर वाखाणण्यासारखा आहे. नोंदणी, शुल्क, वर्गणी काही नाही.

आता वापरताना पाय घसरतो ती जागा. ‘बेरोजगारीचा दर’ या एकाच नावाखाली पीएलएफएस दोन वेगळे आकडे देतं. एक ‘नेहमीच्या स्थिती’चा: मागचे ३६५ दिवस बघायचे, माणूस जास्त काळ कशात होता ते ठरवायचं, आणि मुख्य काम नसलं तरी ३० दिवस किंवा जास्त दुय्यम काम केलं असेल तर त्याला कामकरी धरायचं. दुसरा ‘चालू आठवड्या’चा: मागच्या सात दिवसांत एका दिवशी किमान एक तास काम केलं असेल तर तो कामकरी. मासिक पत्रकात फक्त हा दुसरा असतो. २०२३-२४च्या वार्षिक अहवालातला १५ वर्षांवरच्यांचा ३.२ टक्के हा पहिल्या पद्धतीचा, आणि एप्रिल २०२५चा ५.१ टक्के दुसऱ्या पद्धतीचा. हे दोन शेजारी ठेवून ‘वर्षभरात बेरोजगारी दोन टक्क्यांनी वाढली’ असं लिहिणं म्हणजे सरळसरळ चूक. शिवाय रचना बदलल्यामुळे जुन्या चालू-आठवडा मालिकेशीही थेट तुलना करू नका, असं मंत्रालय स्वतःच सांगतं. जुनी वार्षिक मालिका जुलै ते जून चालायची, आता सर्वेक्षणाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे. आलेख काढताना ही फट दाखवायलाच हवी, नुसती रेघ जोडून भागत नाही.

एक तासाची ही अट कशी चालते ते बघा. इंजिनिअर झालेला मुलगा आठवडाभर घरी आहे, पोर्टलवर अर्ज टाकतोय. रविवारी पहाटे मार्केट यार्डात वडिलांच्या गाळ्यावर दोन तास मालाची नोंद करतो, पैसे घेत नाही. त्याच्या नावापुढे कोड पडतो २१, घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस. तो कामकरी ठरला, बेरोजगार नाही. यात लबाडी काही नाही, कारण एका तासाचा निकष आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पद्धतीला धरूनच आहे. पण ‘नोकरी मिळाली’ आणि ‘कामकरी धरला’ यांत किती अंतर असतं, ते या एका कोडवरून कळतं.

अभ्यासिकेतल्या उमेदवाराचं तर आणखी नाजूक. काम शोधत असेल तर कोड ८१, शोधत नसेल पण मिळालं तर करायला तयार असेल तर ८२, दोन्ही बेरोजगार. ‘आत्ता फक्त अभ्यास, काम नको’ म्हणाला की तो श्रमशक्तीच्याच (कामकरी अधिक बेरोजगार) बाहेर, मग बेरोजगारीच्या दरात त्याला जागाच नाही. खोली घेऊन राहणारा, मेसमध्ये जेवणारा असेल तर तो साधारणपणे एकट्याचं कुटुंब म्हणून मोजला जातो, गावाकडच्या घरात नव्हे. पुण्यातल्या पेठांमध्ये राहणाऱ्या या सगळ्या मुलामुलींची नोंद एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

म्हणून पत्रक उघडल्यावर बेरोजगारीच्या दराकडे शेवटी वळावं. आधी श्रमशक्ती सहभागाचा दर बघायचा, म्हणजे शंभरातले किती श्रमशक्तीत आहेत, मग कामकरी-लोकसंख्या गुणोत्तर, म्हणजे शंभरातले किती कामात आहेत. एप्रिल २०२५मध्ये सहभाग ५५.६ टक्के होता, मेमध्ये ५४.८. गुणोत्तर ५२.८ वरून ५१.७ वर आलं आणि बेरोजगारी ५.१ वरून ५.६ झाली. तिन्ही एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होतं: कामातले लोक कमी झाले, त्यातले बरेच काम शोधायलाही थांबले नाहीत, थेट बाहेर पडले. रब्बीची कामं संपलेली, उन्हाचा कडाका, उघड्यावरची मजुरी मंदावलेली. हे हंगामी आहे. पत्रकातले आकडे हंगामाचा परिणाम काढून टाकलेले नसतात, तेव्हा मेची तुलना एप्रिलशी न करता पुढच्या वर्षीच्या मेशी करावी. आणि ०.१ टक्क्याच्या फरकावर बातमी करायची असेल तर आधी प्रमाणित त्रुटी (नमुन्यामुळे येणारी संभाव्य चूक) किती आहे ते पाहावं.

उलटंही घडू शकतं. शंभर प्रौढांपैकी ६० श्रमशक्तीत, त्यातले ३ बेरोजगार: दर ५ टक्के. त्या तिघांपैकी एक जण कंटाळून शोधणं सोडतो. आता ५९ मध्ये २, दर ३.४ टक्के. एकही नोकरी तयार न होता बेरोजगारी ‘घटली’. कामकरी-लोकसंख्या गुणोत्तर मात्र ५७ टक्क्यांवरच राहतं, ते या सापळ्यात अडकत नाही. एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

वार्षिक अहवालात खरा माल कामाच्या प्रकाराच्या तक्त्यात आहे, आणि तोच बहुतेक जण चाळून पुढे जातात. २०१७-१८ मध्ये कामकऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारात होते, २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के. महिलांचा सहभाग याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला. आनंदाची गोष्ट आहे, पण या वाढीत शेतीतलं आणि घरच्या धंद्यातलं स्वयंरोजगाराचं काम फार मोठं आहे, पगारी नोकरीचा वाटा त्या मानाने थोडका. १५ ते २९ वयोगटातली बेरोजगारी २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के होती, म्हणजे सर्वसाधारण दराच्या तिपटीहून जास्त. ‘नियमित पगारदार’ हा रकानाही सावधपणे वाचायचा. चाकणमधल्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला कामगार दर महिन्याला पगार घेत असेल तर तो नियमितच, विद्यावेतन घेणारा शिकाऊही नियमितच. लेखी करार आहे का, भरपगारी रजा मिळते का, हे प्रश्न वेगळे विचारलेले असतात. निम्म्याहून अधिक नियमित पगारदारांकडे लेखी करार नाही, हे त्याच अहवालात सापडतं.

बेरोजगारी हा एका आकड्यात बसणारा विषय नाही, हे आपल्याकडे नव्याने कळलेलं नाही. बेरोजगारीच्या अंदाजांवर नेमलेल्या दांतवाला समितीने १९७० मध्येच तसं सांगितलं होतं, आणि १९७२-७३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून वेगवेगळ्या संदर्भकाळांची (मागचं वर्ष, मागचा आठवडा) पद्धत त्यातूनच आली. पन्नास वर्षं होऊन गेली, मथळा अजून एकाच आकड्याचा.

आता पुण्याचा प्रश्न, आणि इथे ही सेवा स्पष्टच कमी पडते. मासिक पत्रक फक्त देशाचं, ग्रामीण आणि शहरी असं फोडून. राज्यांसाठी तिमाही पत्रक. पुणे जिल्हा कुठेच नाही. नव्या रचनेत जिल्हा हा नमुन्याचा मूळ स्तर केला आहे, म्हणून अनेकांना वाटतं की घरोघरच्या नोंदी असलेल्या कच्च्या फाइलमधून आपणच जिल्ह्याचा दर काढू. गणित करून बघा. २,७२,३०४ कुटुंबं देशातल्या जिल्ह्यांत वाटली तर सरासरी साडेतीनशेच्या आसपास. पुण्यासारख्या मोठ्या जिल्ह्याला जास्त मिळतील, पण सरासरीवरच चालू. घरटी तीन प्रौढ धरले तर हजारेक माणसं, त्यातली श्रमशक्तीत सहाशे, त्यातली बेरोजगार तीस. सहाशेवर ५ टक्के दर काढला तर साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्रानेच दोन्ही बाजूंना पावणेदोन टक्क्यांची चूक संभवते. एकाच ब्लॉकमधली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती याहून जास्त. म्हणजे खरा दर ३ ते ७ मध्ये कुठेही असू शकतो. त्यात पुन्हा आयटीतल्या पदवीधर मुली असा पोटगट पाडला की हातात पाच-सात माणसं उरतात. असल्या आकड्यावर अहवाल लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा. शहरी सर्वेक्षणाची आणखी एक नेहमीची अडचण म्हणजे मोठ्या गेटबंद सोसायट्या: तिथे प्रगणकाला आत घेणंच अवघड, आणि बदली कुटुंब घेतलं तरी ते तसंच असेल याची खात्री नसते.

पुण्यासाठी मग जोडीला काय घ्यायचं? ईपीएफओची, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेची, पेरोल आकडेवारी एप्रिल २०१८पासून दर महिन्याला येते. राज्य, उद्योग, वय, स्त्री-पुरुष अशी फोड मिळते, तीही फुकट. पण ती नोकऱ्या मोजत नाही, भविष्य निर्वाह निधीची खाती मोजते. २० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना कायदा लागू, सक्तीची वेतनमर्यादा १५,००० रुपये. एकोणीस माणसांचं वर्कशॉप विसावा माणूस घेऊन कायद्यात आलं की वीस ‘नवे’ सदस्य दिसू शकतात, रोजगार वाढला एकाचाच. ताजा महिना तात्पुरता असतो, पुढे सुधारला जातो, तेव्हा किमान चार-पाच महिने जुना आकडा धरावा. पुणेकरांसाठी खास खाचखळगा ‘एक्स्पर्ट सर्व्हिसेस’ या गटात आहे. नाव ऐकून सल्लागार, वकील डोळ्यांसमोर येतात. आत असतात मनुष्यबळ पुरवठादार, सुरक्षा एजन्सी आणि छोटे ठेकेदार. रांजणगावच्या असेंब्ली लाइनवर उभा असलेला ठेक्यावरचा कामगार इथे नोंदला जातो, वाहन उद्योगात नाही. ॲप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ तर यात येतच नाहीत. वाहन उद्योगाची भरती या आकड्यातून वाचणारा निम्मं चित्र बघतो.

नोकरी जॉबस्पीक हा निर्देशांक पुण्याचा वेगळा आकडा देतो, आणि महिन्याच्या सुरुवातीलाच देतो. पण तो नोकरी डॉट कॉम या पोर्टलवरच्या जाहिरातींचा आणि भरती करणाऱ्यांनी तिथे घेतलेल्या शोधांचा कल आहे, भरतीचा नव्हे, आणि तोही मुख्यतः पांढरपेशा नोकऱ्यांचा. हिंजवडी-खराडीसाठी कामाचा, भोसरीसाठी जवळजवळ निरुपयोगी. सीएमआयई या खासगी संस्थेचं घरोघरी सर्वेक्षण तपशीलवार आहे, पण तपशील हवा तर वर्गणी भरावी लागते, आणि त्यांची कामाची व्याख्या कडक असल्याने दर पीएलएफएसपेक्षा सहसा वरचा दिसतो. एका लेखात दोन्ही वापरायचे तर शेजारी ठेवून भांडण लावू नका, प्रत्येकाची दिशा वेगवेगळी बघा.

कच्ची फाइल घ्यायची असेल तर मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर मोफत खातं उघडून मिळते. नुसते तयार तक्ते हवे असतील तर जून २०२४ मध्ये सुरू झालेलं ई-सांख्यिकी पोर्टल पुरेसं आहे, तिथून एक्सेल उतरवता येतं. जुन्या कच्च्या फाइलींत माहिती ठरावीक रुंदीच्या ओळींत असते, रकान्यांचा आराखडा वेगळ्या एक्सेलमध्ये. सगळ्यात जास्त चुका भारांकात होतात, म्हणजे नमुन्यातली एक नोंद किती जणांच्या वतीने धरायची त्या आकड्यात. जुन्या वार्षिक फाइलींत एनएसएस आणि एनएससी हे रकाने (उपनमुन्यातल्या आणि एकत्रित नमुन्यातल्या गावं-ब्लॉकांची संख्या) सारखे असतील तर मल्टिप्लायर, म्हणजे फाइलमधला भारांक, १००ने भागायचा, नसतील तर २००ने, आणि चारही तिमाही एकत्र केल्या असतील तर पुन्हा ४ने. ही शेवटची पायरी विसरली तर टक्केवारी बरोबर येते, पण एकूण माणसं चौपट होतात. टक्केवारी जुळली म्हणून काम बरोबर झालं असं समजू नका. शहरी पुनर्भेटीच्या (त्याच घरी पुन्हा जाऊन घेतलेल्या) ओळी वार्षिक हिशेबात मिसळणं ही दुसरी चूक. महाराष्ट्राचा कोड २७, उद्योगासाठी एनआयसी २००८ (राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण): मोटार वाहनं २९, सॉफ्टवेअर ६२. व्यवसायाचे कोड सुरुवातीच्या फेऱ्यांत एनसीओ (राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण) २००४चे आहेत, नंतर २०१५चे, म्हणून वर्षं जोडण्याआधी प्रत्येक फाइलचा आराखडा उघडून बघा. एकूण लोकसंख्या या सर्वेक्षणातून कमी येते, तेव्हा ‘इतके लाख बेरोजगार’ लिहायचं असेल तर इथून फक्त गुणोत्तर घ्या आणि लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजाला लावा. काम झाल्यावर महाराष्ट्राचा सहभाग दर काढून छापील वार्षिक अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहा. पहिल्या दशांशापर्यंत जुळला नाही तर भारांक पुन्हा तपासायचा, पुढे जायचं नाही.