बूमला तडा गेलाय: वेल्डिंग, स्लीव्ह, कार्बन की नवा सेक्शन?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पावसाळ्यासाठी बोट वर घ्यायची म्हणून बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी दांडी, उतरवला, गोड्या पाण्याने धुतला आणि दोन स्टुलांवर उलटा ठेवला. कापडाने पुसताना व्हँगच्या (बूमला डोलकाठीच्या बुडाकडे खाली ओढून धरणाऱ्या दोरीच्या) पट्टीपाशी नखाला काहीतरी लागलं. केसाएवढी रेघ. एका रिव्हेटच्या भोकातून निघून शेजारच्या भोकाकडे चाललेली. बोट बावीस फुटी, बूम तीन मीटरचा, सेक्शनची, म्हणजे पोकळ अॅल्युमिनियमच्या नळीची, उंची १०० मिलिमीटर आणि भिंत अडीच मिलिमीटर जाडीची. मुंबई बंदरात दुपारचा वायव्येचा वारा चांगला धरला की हाच बूम डोक्यावरून आडवा जातो. त्यामुळे “बघू पुढच्या सीझनला” हा पर्याय माझ्यासाठी तिथेच संपला.

पुढचे दोन महिने मी हे काम घरी करायचं की कोणाकडून करून घ्यायचं, आणि करायचं तर कसं, याच विचारात होतो. तुमच्याही बूमला असं काही झालं असेल, तर कोणता मार्ग कधी घ्यावा हे ठरवायला पुढचं उपयोगी पडेल.

आधी तडा तिथेच का गेला ते पाहा

वारा मागून किंवा बाजूने असतो तेव्हा मेनशीट (बूम आत-बाहेर करायची दोरी) सैल सोडलेली असते. शिडाची मागची कड बूमचं टोक वर खेचते आणि त्याला खाली धरून ठेवण्याचं काम एकट्या व्हँगवर येतं. माझ्या बूमवर व्हँग पुढच्या टोकापासून ७५ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर. शिडाने टोकाला ५० किलोचा ओढ दिला, तर बूम समतोल ठेवायला व्हँगला २०० किलोने खाली खेचावं लागतं. दोन्ही टोकं वर, मध्ये भार खाली. अशा वेळी बूमचं पोट ताणलं जातं आणि पाठ दाबली जाते. बरोबर त्या पोटालाच आपण पट्टी बसवायला चार भोकं पाडलेली असतात. तडा तिथून निघाला नसता तरच नवल.

म्हणून “तडा कसा बुजवायचा” या प्रश्नाने सुरुवात करू नका. तडा बुजवून ताकद येत नाही. तिथून जाणारा ओढ दुसऱ्या कोणत्या धातूतून नेता येईल, हा खरा प्रश्न आहे आणि खालच्या सगळ्या पर्यायांना मी तोच लावला.

त्याआधी एक तपासणी करा. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात. पहिल्याने भाग स्वच्छ करायचा, दुसऱ्यातला लाल रंग फवारून दहा मिनिटं थांबायचं, पुसून घ्यायचं आणि मग पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मला दिसत होता त्यापेक्षा तडा जवळजवळ बोटभर लांब निघाला. मग बूमच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणून धरा आणि बूम सरळ आहे का पाहा. शेवटी स्टीलच्या फिटिंग सोडवून खाली पांढरी भुकटी आणि खड्डे आहेत का तेही बघा.

बूम सरळ आहे आणि तडा एका जागी आहे, तर दुरुस्ती होते. जाइब होताना, म्हणजे मागच्या वाऱ्यात शीड एका बाजूकडून दुसरीकडे जाताना, बूम श्राउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या) तारेवर आपटून भिंत आत दबली असेल, घडी पडली असेल, तर गोष्ट वेगळी. घडी पडलेलं अॅल्युमिनियम ठोकून सरळ केलं की दिसायला बरं दिसतं, पण त्या जागी ते आणखी थकलेलं असतं. अशा वेळी सेक्शनच बदलायचा.

वेल्डिंग: सगळ्यात सोपा सल्ला, बूमच्या मध्यावर सगळ्यात वाईट

ज्याला विचारावं तो हेच सुचवतो. मीही एका मिस्त्रींकडे बूम घेऊन गेलो. त्यांचं टिग वेल्डिंगचं काम अतिशय सुबक होतं. ते म्हणाले, “अर्ध्या तासात देतो साहेब, शिवण दिसणारसुद्धा नाही.” शिवणीबद्दल मला शंका नव्हतीच. भीती होती ती शिवणीशेजारच्या धातूची.

बूम बहुधा ६०६१-टी६ किंवा ६०६३-टी६ या मिश्रधातूचा असतो. यातला ‘टी६’ म्हणजे उष्णतेची ठरावीक प्रक्रिया करून आणलेली कडकी. ६०६१-टी६ साधारण २७५ मेगापास्कलपर्यंतच्या ताणाला कायमचा वाकत नाही. वेल्डच्या उष्णतेने ही कडकी उतरते आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ मिलिमीटरच्या पट्ट्यात ताकद निम्म्याच्याही खाली येते. ती परत आणायची तर अख्खा बूम भट्टीत ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवायचा, आणि मग पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवायचा. तीन मीटरच्या भट्टीशिवाय हे होत नाही, आणि विझवताना सेक्शन पिळवटतो.

म्हणजे जिथे ओढ सगळ्यात जास्त, तिथेच आपण धातू मऊ करून ठेवतो. पुढे जातो तो तडा शिवणीत नसतो, शिवणीच्या कडेने जातो.

गूजनेकच्या (बूम डोलकाठीला जोडतो त्या सांध्याच्या) किंवा मागच्या टोकाजवळ, जिथे वाक कमी असतो, तिथे चांगल्या कारागिराने केलेलं वेल्डिंग चालतं. मधे आडवी सलग शिवण मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.

आतली स्लीव्ह: मी हीच निवडली

बूमच्या आत दुसरा तुकडा सरकवायचा, म्हणजे ओढ तड्याला वळसा घालून त्या तुकड्यातून जातो. घरी करता येण्यासारखा आणि तरीही भरवशाचा मार्ग हाच, असं माझं मत झालं आहे. पण त्याला वेळ लागतो आणि बारीकसारीक अडचणी खूप आहेत.

पहिली अडचण आकाराची. बूम काही गोल पाइप नाही. वरच्या बाजूला शिडाची दोरी सरकवायची खाच आत उतरलेली असते. मुंबईच्या धातूबाजारात, गुलालवाडीत नाहीतर खेतवाडीत जाऊन हव्या त्या मापाचा पाइप आणावा आणि आत घालावा, असं होत नाही. उत्तम उपाय म्हणजे त्याच सेक्शनचा दुसरा तुकडा. जुन्या, मोडलेल्या बूमचं चांगलं राहिलेलं टोक कोणाच्या तरी शेडमध्ये पडलेलं असतं, मला तसंच मिळालं. तो तुकडा खाचेसकट वरून उभा कापून काढायचा, म्हणजे इंग्रजी ‘यू’सारखा उरतो. तो दाबून आत सरकवायचा. बंद स्लीव्ह असती तर परिघातून भिंतीच्या जाडीच्या सव्वासहा पट पट्टी काढावी लागली असती, अडीच मिलिमीटरला साधारण सोळा मिलिमीटर. खाच कापताना त्याहून जास्तच जातं.

असा तुकडा मिळाला नाही तर पोटाला आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जाड पट्ट्या आकार देऊन बसवता येतात. दुकानदार ‘एचई ३०’ म्हणेल तो ६०८२ च्या जातीचा, ताकदीने ६०६१ च्या बरोबरीचा, तो घ्या. खिडक्यांच्या कामाचा सेक्शन बहुतेक ६०६३ असतो आणि तो हलका पडतो.

लांबी कंजूसपणाने ठरवू नका. तड्याच्या दोन्ही बाजूंना सेक्शनच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे माझ्याकडे ३० आणि ३० मिळून ६० सेंटिमीटर. वजन वाढलं जेमतेम एक किलो. टोकं काटकोनात कापू नका, तिरकी कापून कानशीने गुळगुळीत करा. काटकोनी टोकापाशी बूम एकदम कडकचा लवचिक होतो आणि पुढचा तडा तिथे जातो. शिवाय आऊटहॉल (शीड मागे ताणायची) आणि रीफच्या (शीड लहान करायच्या) दोऱ्या आतून जातात. धारदार कड त्यांना एका सीझनमध्ये कापून टाकेल.

आणलेला तुकडा आधी कोरडाच सरकवून पाहा. घट्ट बसला तर आनंद मानू नका, कारण घट्ट स्लीव्ह आत जाताना सगळं इपॉक्सी खरवडून मागे सोडते. अर्धा मिलिमीटर मोकळी हवी. अॅल्युमिनियमला इपॉक्सी चिकटत नाही अशी तक्रार होते, त्याचं कारण असं की घासलेल्या पृष्ठभागावर हवेने काही मिनिटांतच ऑक्साइडचा थर परत येतो. उपाय सोपा आहे: आधी पातळ इपॉक्सी लावा आणि ते ओलं असतानाच पॉलिश पेपरने घासा, म्हणजे उघड्या धातूला हवा लागतच नाही. बूमच्या आत हात पोचत नाही, म्हणून मी काठीला पेपर गुंडाळला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाटीतलं इपॉक्सी बघता बघता गरम होऊन घट्ट होतं. मंद हार्डनर घ्या, काम पहाटे करा.

रिव्हेट मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे), ४.८ मिलिमीटरचे. साध्या हाताच्या गनने ते ओढताना मनगट जातं, लांब दांड्याची गन कोणाकडून तरी मागून आणा. स्टेनलेसचे वापरायचेच असतील तर प्रत्येकाला ड्युरालॅकसारखी गंजरोधक पेस्ट लावा, नाहीतर खाऱ्या हवेत भोकाभोवतीचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. आणि रिव्हेट एका आडव्या ओळीत कधीही मारू नका. ती ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते, फाटायला तयार. बाजूंना जास्त, पोटाला कमी, पुढेमागे करून मारा. तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडायला विसरू नका, त्याने तडा पुढे सरकायचा थांबतो.

दोन शनिवार-रविवार लागले. त्यातला एक अख्खा दिवस गूजनेकचे जाम झालेले स्क्रू सोडवण्यात गेला.

बाहेरून पट्ट्या

हा स्लीव्हचाच सोपा भाऊ. टोकाची फिटिंग काढावी लागत नाही, दुरुस्ती डोळ्यांसमोर राहते, एका दुपारी काम होतं. छोट्या डिंगीला आणि बाजूच्या भिंतीवरच्या तड्याला मी हेच सुचवेन. पोटाच्या तड्याला मात्र पट्टी आणि व्हँगची फिटिंग एकाच जागेसाठी भांडतात, आणि सगळा भार रिव्हेटवरच येतो. पट्टीखाली खारं पाणी साचून धातू आतून खाल्ला जातो, म्हणून बसवताना खाली पेस्ट भरपूर लावा आणि दर पावसाळ्यात कडा तपासा.

कार्बनचं वेष्टन

हल्ली याचं आकर्षण फार आहे. गोव्यात फायबरचं काम करणारे हात उत्तम आहेत. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. त्यामुळे कौशल्याची वानवा नाही. अडचण कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या जोडीत आहे.

खाऱ्या पाण्यात कार्बनला चिकटलेलं अॅल्युमिनियम झपाट्याने गंजतं. म्हणून आधी काचेच्या कापडाचा थर सलग द्यावा लागतो, कुठेही उघडी जागा न ठेवता. दुसरं, अॅल्युमिनियम उन्हाने पसरतं आणि कार्बन जवळजवळ नाही. ६० सेंटिमीटरच्या वेष्टनात तीस अंशांच्या फरकाने ०.४ मिलिमीटरची ओढाताण रोज होते, आणि ती सगळी गोंदाच्या थरावर. त्यात घरच्या तापमानाला सुकवलेलं बरंचसं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांनंतर मऊ पडू लागतं, आणि एप्रिलच्या दुपारी गडद रंगाचा बूम हाताला चटका देतो हे सगळ्यांना माहीत आहे. बूम मुळात कार्बनचा असेल तर हाच मार्ग. अॅल्युमिनियमच्या बूमला मी तो लावणार नाही.

लाकडी बूम असेल तर निर्णय सोपा आहे: तुटका भाग कापा, एकास बारा उताराचा तिरका सांधा करा आणि इपॉक्सीने जोडा. ६० मिलिमीटर जाडीला ७२० मिलिमीटरचा सांधा. लाकूड या बाबतीत दुरुस्तीला सगळ्यात उदार.

नवा सेक्शन

घडी पडली आहे, दोन जागी तडे आहेत, किंवा फिटिंगखाली धातू खड्ड्याखड्ड्यांनी पातळ झाला आहे, तर दुरुस्तीवर वेळ घालवू नका. सेल्डनसारखे युरोपातले कारखाने सेक्शन देतात, पण तीन मीटरची लांब वस्तू मागवताना वाहतुकीचा खर्च धातूच्या किमतीइतकाच विचारात घ्यावा लागतो. त्याआधी मोडलेल्या डोलकाठ्यांची चौकशी करा. लहान बोटीच्या मोडक्या डोलकाठीचा सरळ राहिलेला तीन मीटरचा भाग बूम म्हणून चांगला चालतो. खाच त्यालाही असते, भिंत बहुधा जाडच असते. टोकाच्या जुन्या फिटिंग बसतील का एवढंच मोजून घ्या.

आणि हे सगळं होईपर्यंत सीझन वाया घालवायची गरज नाही. कोकणातल्या शिडाच्या होडीला बूम नसतोच, शीड वरच्या परबाणाला (तिरक्या काठीला) असतं आणि खालची कड मोकळी. आपलंही मुख्य शीड रीफ करून, खालचा कोपरा दोरीने थेट बोटीच्या मागच्या कडेला बांधून, हलक्या वाऱ्यात चालवता येतं. मांडव्याहून परत यायला तेवढं पुरतं.

माझ्या बूमचं पुढे काय केलं

स्लीव्ह बसल्यावर व्हँगची पट्टी जुन्या भोकांत परत लावली नाही. माझ्या शिडाची खालची कड मोकळी असल्यामुळे बूमभोवती डायनीमाच्या (फार मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोरीचा फास घालून व्हँग त्याला अडकवला. पुढे सरकू नये म्हणून बाजूला एक छोटी पट्टी, बस. पोटाला नवीन एकही भोक नाही. ज्यांचं शीड खाचेत जातं त्यांना हे जमणार नाही. त्यांनी पट्टी पाच-सहा सेंटिमीटर सरकवून, स्लीव्हच्या पोटात येईल अशा जागी बसवावी.

स्लीव्ह संपते त्या दोन्ही जागांवर, ४५ आणि १०५ सेंटिमीटरवर, मी बाहेरून पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे. पहिल्या तीन फेऱ्यांनंतर दर वेळी बूम पुसताना त्या रेघांवरून आणि आसपासच्या प्रत्येक रिव्हेटवरून नख फिरवलं. रिव्हेटभोवती काळपट पावडर दिसली तर तो हलतोय असं समजायचं. अजून एकाही रिव्हेटभोवती ती दिसलेली नाही.