शाळेच्या बसचा पहिला पंधरवडा

यंदा १६ जून २०२५ रोजी शाळा उघडल्या, तेव्हा आमची सहा वर्षांची मुलगी पहिलीत आणि चार वर्षांचा मुलगा छोट्या गटात गेला. दोघांनाही आमचा हात सोडून घराबाहेर पाठवण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे, वारज्याहून डेक्कनपर्यंत मुलांची ने-आण करणाऱ्या एका खासगी स्कूलबसची निवड आम्ही बरीच चौकशी करून केली.

ठरवण्यापूर्वी मी गाडी आतून पाहून घेतली. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार गाडीत अग्निशामक व प्रथमोपचार पेटी असावी लागते, मुली असतील तर सोबत महिला परिचर असावी लागते आणि शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. या सर्व गोष्टींची पूर्तता होती. गाडी कोठे पोहोचली हे मोबाइलवर दिसण्याची सोयही होती, आणि माझे निम्मे समाधान तिच्यावरच झाले होते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी ती सोय बंद पडली आणि आमचा सगळा भार गाडीतल्या मावशींवर आला.

त्या सकाळी पाऊस होता. मुलगी मुकाट्याने चढली. मुलाने मात्र माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली. मावशी खाली उतरल्या, त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि काही न बोलता त्याच्या रेनकोटची बटणे काढू लागल्या. रेनकोट झटकून त्यांनी पिशवीत घातला, ओल्या हातांना नॅपकिन लावला, डबा सरळ आहे ना ते दप्तर उघडून पाहिले आणि मग त्याला ताईशेजारी, खिडकीपासून आतल्या बाजूला बसवले. मी दाराशी घुटमळत होतो. ‘‘दादा, तुम्ही जावा आता. तुम्ही दिसला की पोरगं जास्त रडतंय,’’ असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी बाजूच्या दुकानाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. गाडी निघाली तेव्हा तो रडतच होता, पण त्याचे बोट त्यांच्या मुठीत होते.

वेळेबाबत थोडी तक्रार आहे, तरी तिचा सगळा दोष चालकाला देता येत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये झाला आणि लहान मुलांच्या झोपेसाठी तो मला मनापासून पटतो. परंतु त्यामुळे बस नेमकी कार्यालयांच्या गर्दीत सापडते आणि नळ स्टॉपजवळ रखडते. पंधरवड्यात तीनदा मुले प्रार्थना संपल्यावर पोहोचली. पालख्या शहरात आल्या तेव्हा बदललेली वेळ मात्र व्यवस्थापकांनी आदल्या संध्याकाळीच कळवली होती.

खरी चूक झाली ती मावशी दोन दिवस रजेवर असताना. बदली परिचर बाईंनी, मी खाली पोहोचण्यास पाच मिनिटे उशीर झाला म्हणून, दोन्ही मुलांना सोसायटीच्या सुरक्षारक्षकाच्या स्वाधीन केले आणि गाडी पुढे गेली. रक्षक ओळखीचे आहेत, मुले सुखरूप होती. तरीही मुलगी भावाचा हात धरून फाटकाशी उभी होती आणि मला पाहताच ‘‘बाबा, मी त्याला सोडलं नाही’’ म्हणाली, ते वाक्य मला आजही स्वस्थ बसू देत नाही. सहा वर्षांच्या मुलीवर ती जबाबदारी यायला नको होती. आमच्या मावशी ओळखपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा चेहरा जुळल्याशिवाय मूल सोडत नाहीत. बदली बाईंना ही पद्धत कोणी सांगितलीच नव्हती. मी लेखी तक्रार केली, व्यवस्थापकांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून चूक मान्य केली आणि आता परिचर बदलणार असेल तर तिचे नाव व छायाचित्र आदल्या रात्री सर्व पालकांना मिळते.

शुल्क दोन हप्त्यांत आगाऊ घेतात, भावंडांसाठी सवलत देत नाहीत आणि पावती मागावी लागते. या भागात स्कूलबस शोधणाऱ्यांना मी ही सेवा सुचवीन, मात्र गाडीबरोबर मावशींनाही आधी भेटून घ्यावे आणि त्यांच्या रजेच्या दिवशी कोण येणार हे विचारावे. मी ते विचारले नव्हते. आमचा दुसरा हप्ता दिवाळीनंतर आहे आणि तो आम्ही भरणार आहोत.