बिग बास बोनान्झा: पाच महिने गळ टाकून बसल्यावर

बिग बास बोनान्झा हा मासेमारीवरचा ऑनलाइन स्लॉट, म्हणजे पैसे लावून चित्रांची चक्रं फिरवायचा जुगार. तो मी पाच महिने खेळलो, पण सगळा डेमोमध्ये, खोट्या नाण्यांवर. खरे पैसे लावावेत का, एवढंच बघायचं होतं.

पाच रील (फिरणारी चक्रं), तीन ओळी, दहा पेलाइन (सारखी चित्रं जुळली की पैसे देणाऱ्या रेषा). गेम डिसेंबर 2020 चा, त्यामुळे चित्रं आता जरा जुनाट वाटतात. मोबाइलवर मात्र कुठे अडखळला नाही.

सगळी मजा फ्री स्पिनमध्ये, म्हणजे फुकटच्या फेऱ्यांमध्ये आहे. स्कॅटर हे कुठेही आलं तरी मोजलं जाणारं खास चित्र; ती तीन, चार किंवा पाच आली की 10, 15 किंवा 20 स्पिन मिळतात. माशांच्या चित्रांवर रकमा लिहिलेल्या असतात, पण त्या पदरात पडायला त्याच स्पिनमध्ये मच्छीमाराचं चित्र यावं लागतं. आणि हे गृहस्थ एरवीच्या खेळात उगवतच नाहीत! मोठ्या रकमेचे मासे नुसते डोळ्यांसमोरून जातात. दर चार मच्छीमारांमागे आणखी 10 स्पिन, आणि माशांची किंमत आधी दुप्पट, मग तिप्पट, शेवटी दसपट. दसपटीला मी एकदाच पोचलो. तेव्हा मच्छीमार आला, मासे गायब.

आता आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी खेळाडूंना परत मिळणारा वाटा. जाहीर आकडा 96.71 टक्के. सुरुवातीला मला वाटलं, शंभर नाणी घेऊन बसलो तर सत्त्याण्णवच्या आसपास घेऊन उठेन. साफ चूक. हा हिशेब लाखो स्पिनच्या सरासरीचा, आणि तोही खिशातल्या नाण्यांवर नाही, तर लावलेल्या प्रत्येक नाण्यावर. जिंकलेलं पुन्हा लावलं की त्यावरही कात्री. मिनिटाला दहा स्पिन, दर स्पिनला एक नाणं धरा: तासाला 600 नाणी फिरतात, सरासरी तोटा जवळपास 20. प्रत्यक्षात सरासरी कधी दिसतच नाही, कारण गेम हाय व्होलॅटिलिटीचा, म्हणजे जिंकणं क्वचित, पण जिंकलात तर मोठं. बऱ्याच बैठकांत फ्री स्पिन लागायच्या आधीच नाणी संपली. लावलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त 2100 पट मिळू शकतं, पण मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नाही.

शिवाय याच गेमच्या कमी आरटीपीच्या आवृत्त्याही आहेत. कुठली ठेवायची ते साइट ठरवते, दिसायला सगळ्या सारख्याच. मी जिथे खातं काढणार होतो तिथल्या माहितीच्या पानावर 94.60 निघालं, म्हणजे तोच तासाचा तोटा 32 नाण्यांच्या वर. खातं काढलं नाही. डेमो अजून अधूनमधून उघडतो, त्या दसपटीच्या माशांचा राग आहे म्हणून.