५६ अंड्यांचं घरगुती इन्क्युबेटर, पुण्यात फेब्रुवारी ते ऑगस्ट: कोंबडी आणि गिनी फाउल

आधी निकाल सांगतो: यंत्र घेण्यासारखं आहे, पण त्यावरचा आर्द्रतेचा आकडा शोभेचा समजा. तापमानाचा आकडाही पहिल्याच दिवशी तपासून घ्या. ताप बघायचं डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवलं की ९९.५ फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ सेल्सिअस यायला हवं. आमच्या यंत्रात ०.६ चा फरक निघाला, तो सेटिंगमध्ये दुरुस्त केला.

आर्द्रतेचं खरं माप म्हणजे किचनमधला वजनकाटा. १८ दिवसांत कोंबडीच्या अंड्याचं वजन सुमारे १२ टक्के घटायला हवं. १० अंड्यांचं ४२० ग्रॅम भरलं, तर ७व्या दिवशी साधारण ४००, १४व्या दिवशी ३८० आणि १८व्या दिवशी ३७० यायला हवं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्याचं वजन लिहा. वांझ अंडं बाहेर काढलं की हिशोबातून वजा करता येतं.

एप्रिलमध्ये दुपारी इथली हवा इतकी कोरडी की यंत्रातल्या पाण्याच्या दोन्ही पन्हळी रोज भरूनही वजन जास्तच घटत होतं. जुलैत दोन्ही कोरड्या ठेवल्या, तरी घट कमीच. पावसाळ्यात "पुस्तकात ५५ टक्के लिहिलंय" म्हणून पाणी ओतणाऱ्यांची पिल्लं पूर्ण वाढूनही कवचातच मरतात. फोडून बघा: पिल्लू फुगलेलं, ओलं, हवेची पोकळी जेमतेम. उलट घट जास्त झाली तर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो आणि टोच मारूनही ते फिरू शकत नाही.

शेवटचे तीन दिवस मात्र दोन्ही ऋतूंत सारखे: अंडी फिरवणं बंद, पन्हळी भरलेल्या, झाकण बंद. पहिली टोच दिसली की हात शिवशिवतात, तरी उघडू नका.

गिनी फाउलला (कोंबडीसारखाच, अंगावर ठिपके असलेला पाळीव पक्षी) २६ ते २८ दिवस लागतात, कोंबडीला २१. दोन्ही एकत्र काढायची तर गिनीची अंडी आधी ठेवून सहाव्या दिवशी कोंबडीची घाला. गिनीचं अंडं लहान, टोकदार आणि कवच जाड. अंडी फिरवणाऱ्या रोलरवर ते घसरून आडवं-तिडवं होतं. फोमची पट्टी अडकवली की प्रश्न मिटतो. आत पिल्लू वाढतंय का ते टॉर्च लावून बघायला ७वा दिवस फार लवकर, १०व्या दिवशी काहीतरी कळतं. साठवताना टोक खाली, सात दिवसांच्या आत वापरा, फ्रिजमध्ये नको आणि धुऊही नका.

पंखा हा या यंत्राचा कच्चा दुवा. पिल्लांची लव पात्यांवर बसते, पंखा मंदावतो आणि कोपऱ्यातली अंडी गार पडतात. दर खेपेनंतर ब्रशने साफ करा, १२ व्होल्टचा एक जादा पंखा आणून ठेवा. लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही: झाकण न उघडता वरून चादर टाका, तासाभराने काही बिघडत नाही. थंडीपेक्षा ४० अंशांवरची गरमी वाईट, म्हणून यंत्र गॅलरीत नको, आतल्या खोलीत ठेवा.

पिल्लं निघाली की ब्रूडर, म्हणजे त्यांना ऊब देणारा खोका, पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. एप्रिलच्या दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागला. खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात. भाताचं तूस टाका. गिनीची पिल्लं पाण्यात बुडून मरतात, म्हणून भांड्यात गोट्या टाका. त्यांना २४ टक्के प्रथिनांचं स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) लागतं, कोंबडीच्या २० टक्क्यांवर ती मागे पडतात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस ७व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, दोन्हींना.

आणि सोसायटीत राहत असाल तर यंत्र खुशाल घ्या, पण त्यात फक्त कोंबडीचीच अंडी ठेवा. गिनीची मादी दोन तुकड्यांत ओरडते, आणि तिला कारण लागत नाही.