खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला कुठे न्यायचं: घर, पुनर्वसन केंद्र की वृद्धाश्रम?

खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात खूप चर्चा होते. ऑपरेशननंतर पुढचे तीन महिने पेशंट कुठे राहणार, यावर जवळजवळ होतच नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर 'उद्या घरी न्या' म्हणतात आणि त्याच संध्याकाळी कुणाकडून तरी ब्युरोचा, म्हणजे पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेचा, नंबर मिळवून बाई ठरवली जाते. हा निर्णय इतक्या घाईत घेण्यासारखा नाही. पुन्हा चालणं, पाठीला जखम न होणं, डोकं ताळ्यावर राहणं हे सगळं याच आठवड्यांत ठरतं.

महाराष्ट्रातल्या शहरांत साधारणपणे तीन वाटा असतात. घरी ठेवून ब्युरोची बाई किंवा सिस्टर लावणं. चार ते आठ आठवड्यांसाठी पुनर्वसन केंद्रात ठेवणं. किंवा अंथरुणावरच्या माणसांना घेणाऱ्या वृद्धाश्रमात हलवणं. बरेच वृद्धाश्रम फक्त हिंडत्या-फिरत्या आणि स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, हे आधीच लक्षात घ्या.

वाट निवडताना आजाराचं नाव फारसं उपयोगी पडत नाही. आज आईला काय जमतं, ते बघा. पलंगावर ती स्वतः कुशीवर वळते का? पलंगावरून कमोड खुर्चीवर बसवायला एक माणूस पुरतो की दोन लागतात? पाणी पिताना ठसका लागतो का? संध्याकाळनंतर बरळते, नळ्या ओढते, 'घरी चला' म्हणून उठायला बघते का? वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टना सांगून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिला पलंगावरून उठवणं स्वतःच्या हातांनी करून बघा. घरात एकट्याने जमणार की नाही, ते त्या दहा मिनिटांत कळतं.

रात्रीचा प्रश्न

तिन्ही वाटांची खरी परीक्षा रात्री होते. ज्या पेशंटला स्वतः वळता येत नाही, तिला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. घरी '24 तासांची बाई' ठेवली की हे काम होईल असं आपण धरून चालतो. पण दिवसभर राबलेली बाई रात्री झोपणारच, आणि तिला झोप मिळायलाच हवी. रात्री अकरा ते सहा आई एकाच अंगावर राहिली की माकडहाडापाशी कातडी लाल होते, आणि दाबूनही ती लाली जात नसेल तर जखमेची सुरुवात झालेली असते. स्वतः वळू न शकणाऱ्या पेशंटसाठी 12 तासांच्या दोन पाळ्या हव्यात, नाहीतर रात्रीच्या ठरलेल्या वेळी घरातल्या माणसाने गजर लावून उठायला हवं. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलण्याची जागा घेत नाही. तिच्यावर जाड गोधडी, रबरी शीट आणि वर घडी घातलेली चादर टाकली की तिचा उपयोगही संपतो. एक पातळ चादर पुरे.

पुनर्वसन केंद्रात रात्रपाळीला जागा स्टाफ असतो, ही त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पण किती पेशंटमागे किती माणसं, हे रात्रीचं विचारा. दिवसाचा आकडा ऐकून समाधान मानू नका. वृद्धाश्रमांत यात सर्वात जास्त फरक आढळतो. काही ठिकाणी पंधरा-वीस खाटांना रात्री एकच मावशी असते. तिथे कूस बदलण्याचा तक्ता पलंगाला लावलेला आहे का, त्यावर वेळा आणि सह्या आहेत का, ते पाहा. सगळ्या वेळा एकाच पेनाने एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर काय ते समजा.

स्मृतिभ्रंश असेल तर मात्र तराजू घराकडे झुकतो. ऑपरेशननंतर वयस्क माणसांना काही दिवस भ्रम होणं नेहमीचं आहे, आणि अनोळखी खोली, अनोळखी चेहरे, चष्मा नसणं, कानातलं यंत्र कपाटात राहणं यांनी तो वाढतो. अशा आईला आधी केंद्रात, मग घरी, मग वृद्धाश्रमात असं तीनदा हलवणं तिच्यावर फार जड जातं. एकच जागा निवडा आणि तिथेच टिकवा. भ्रमावर झोपेची गोळी मागण्याआधी लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाले, वेदनेसाठी ट्रॅमाडॉल चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. कारण बहुतेकदा तिथेच असतं.

पाय पुन्हा चालता होणं

घरी फिजिओथेरपिस्ट येतात, साधारण पाऊण तास, दिवसातून एकदा. उरलेले सव्वातेवीस तास कोण काय करतं, यावर चालणं अवलंबून असतं. बाईने जेवण पलंगावर आणून भरवलं, डायपर लावून ठेवलं, तर तो पाऊण तास वाया जातो. म्हणून घरचा नियम असा ठेवा: जेवण खुर्चीत बसून आणि दिवसा शौच-लघवी कमोड खुर्चीवर. अंतर थोडंच असेल, पण वॉकर धरून दिवसात चार-पाच वेळा उठणं व्हायलाच हवं.

त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहून घ्या: ऑपरेशनच्या पायावर पूर्ण भार द्यायचा, थोडा द्यायचा, की अजिबात नाही. ही ओळ नसली की बाई भीतीने उठवतच नाही. खुब्याचा अर्धा सांधा बदलला असेल तर सहसा लगेच पूर्ण भार देता येतो. रॉड घातला असेल तर सर्जन सांगतील तसं. सांधा बदललेल्यांनी पाय एकावर एक टाकायचे नाहीत. पाटावर, बैठ्या दिवाणावर किंवा भारतीय शौचालयात बसायचं नाही, कारण कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकलं की सांधा निसटू शकतो.

घराचं मोजमापही आधीच करा. जुन्या इमारतींत बाथरूमचं दार अनेकदा दोन फुटांच्या आसपास असतं आणि नेहमीची व्हीलचेअर त्यातून जात नाही. तेव्हा कमोड खुर्ची पलंगाशेजारीच ठेवायची हे ठरवून टाका. लिफ्ट नसेल तर टाके काढायला आणि सहा आठवड्यांच्या एक्स-रेला खाली कसं उतरवणार, याचीही व्यवस्था आताच करा. पलंग असा उंच हवा की कडेला बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. फाउलर कॉट (डोक्याची आणि पायाची बाजू वर-खाली करता येणारा हॉस्पिटलसारखा पलंग), कमोड खुर्ची, हवेची गादी भाड्याने मिळतात. पहिल्या महिन्यात विकत घेण्याची घाई करू नका.

पुनर्वसन केंद्र इथे सरस ठरतं, विशेषतः पॅरालिसिसच्या पेशंटसाठी. मेंदूच्या झटक्यानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वात वेगाने होते, आणि त्या काळात चालणं, गिळणं, बोलणं यांची वेगवेगळी थेरपी एका छताखाली मिळणं घरी जमवणं फार कठीण. साध्या खुब्याच्या फ्रॅक्चरला मात्र, घरी एक जबाबदार माणूस असेल आणि पेशंटचं डोकं शाबूत असेल, तर आमच्या मते घर पुरतं. केंद्रात चौकशी करताना 'फिजिओ आहे का' असं विचारून भागत नाही. एका पेशंटला रोज किती मिनिटं, एकट्याला की चौघांना मिळून, रविवारी काय, आणि आठवड्याला प्रगतीची नोंद दाखवता का, हे विचारा.

वृद्धाश्रमात फिजिओ असलाच तर आठवड्यातून दोन-तीनदा. परत चालू शकेल अशा माणसाला थेट तिथे नेलं, तर ती चालण्याची शक्यताच बऱ्याचदा हातची जाते. ही वाट नंतरही मोकळी राहते. पहिल्या महिन्यातच ती धरायची गरज नसते.

पैसे, आणि विमा कुठे थांबतो

घर नेहमीच स्वस्त, हा समज हिशेब मांडला की टिकत नाही. हिशेबाची रीत म्हणून धरा: 12 तासांचे 900 रुपये, दोन पाळ्या, 30 दिवस, म्हणजे 54,000. फिजिओचे 600 रुपये, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 15,600. रोज चार डायपर, 40 रुपयांना एक, म्हणजे 4,800. झाले 74,400, आणि कॉटचं भाडं, औषधं, बाईचं जेवण त्यात नाही. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब करा आणि मग केंद्राच्या पॅकेजशी ताडून बघा. पॅकेजमध्ये सहसा नसतात त्या गोष्टी आधी विचाराव्यात: डायपर, औषधं, ड्रेसिंग, डॉक्टरांची व्हिजिट, ऑक्सिजन, हॉस्पिटलला नेण्याची ॲम्ब्युलन्स. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं, मधेच हॉस्पिटलात भरती करावं लागलं तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, हे लेखी घ्या.

मेडिक्लेमवर इथे भरवसा ठेवू नका. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाण अपवादांत विश्रांती, पुनर्वसन आणि देखभालीसाठी राहणं हा अपवाद येतो, आणि घरी किंवा केंद्रात अंघोळ, कपडे, चालणं यांसाठी लावलेल्या माणसाचा खर्चही त्यातच धरला जातो. तुमच्या पॉलिसीत तो कोड 05 म्हणून सापडेल. मिळू शकतं ते 'भरतीनंतरच्या खर्चा'खाली: ठराविक दिवसांतली (अनेक पॉलिसींत 60) औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर फिजिओथेरपी. म्हणून डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपी किती आठवडे, हे नमूद करून घ्या आणि प्रत्येक दिवसाची पावती ठेवा.

70 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 पासून आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत, आधारच्या ई-केवायसीवर. ती योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या भरतीसाठी आहे. बाईचा पगार किंवा केंद्राचं भाडं त्यातून निघत नाही. तरी कार्ड आजच काढून ठेवा, कारण पहिल्या फ्रॅक्चरनंतर दुसऱ्यांदा भरती होण्याची वेळ बऱ्याचजणांवर येते.

माणसं कशी निवडायची

ब्युरोकडून घेताना आधी काम सांगा, मग माणूस मागा. अंघोळ, डायपर, भरवणं, चालवणं यासाठी मावशी किंवा मामा पुरतात. नाकातल्या नळीतून अन्न, लघवीची नळी, इन्शुलिन सोडून इतर इंजेक्शनं, घशातून सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) असेल तर प्रशिक्षित सिस्टर हवी: एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेली, नोंदणी क्रमांकासह. 'बाई सगळं करते' या शब्दावर नळी तिच्या हाती देऊ नका. नळीने भरवताना डोकं उंच नसेल आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच बसवलं नाही, तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. ब्युरोला विचारायचं ते हे: बाई न सांगता आली नाही तर किती तासांत दुसरी, गणपती-दिवाळीत काय, पोलीस पडताळणी झाली आहे का. दागिने आणि रोकड कुलपात ठेवा. त्यात बाईचीही अब्रू राखली जाते.

केंद्र किंवा वृद्धाश्रम बघायला रविवारी दुपारी, न कळवता जा. लघवीचा वास येतो का, पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर आहे का, भर दुपारी सगळेच गुंगीत आहेत का, कुणाचे हात बांधलेत का, हे पाहा. नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे आणि रात्री छातीत दुखलं तर कुठल्या हॉस्पिटलात नेतात, त्याचं उत्तर नाव घेऊन मिळायला हवं. शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांचा तात्पुरता मुक्काम ठरवा.

सही कोणाची

मुलं पुण्यात, ठाण्यात आणि अमेरिकेत असतील तर डॉक्टरांशी बोलणारा एकच माणूस ठरवा, तोही तासाभरात पोहोचू शकेल असा. बाकीच्यांनी त्याला फोन करायचा, डॉक्टरांना नाही. आई शुद्धीवर आहे तोवर निर्णय तिचा. तिन्ही पर्याय तिच्यापुढे मांडून तिला विचारा. साधं मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे पुढे सगळं भागेल असं समजू नका. करून देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने चालत नाही. बँकेचं खातं आताच दोघांच्या नावे, 'कोणीही एक किंवा हयात असलेला' अशा सूचनेवर करून घ्या. व्हेंटिलेटर नको वगैरे तिची इच्छा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने आणि 2023 मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीने ती लिहून ठेवता येते: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

हॉस्पिटलची कागदपत्रं लेखी मागितली की 72 तासांत द्यायला हवीत. डिस्चार्जच्या दिवशीच जुन्या आणि नव्या गोळ्या एका कागदावर शेजारी शेजारी लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी चालू राहणं ही नेहमी होणारी चूक. दुसरी, अन्न निम्म्यावर आलेलं असताना मधुमेहाचा डोस जुनाच राहणं. पहाटे घाम आणि गुंगी आली तर आधी साखर तपासा.

सहा आठवड्यांचा एक्स-रे होईल तेव्हा ठरवलेली वाट पुन्हा तपासा. वॉकरवर दहा पावलं जमत असतील तर केंद्रातून घरी आणायला हरकत नाही. घरी असून अजून दोन माणसं लागत असतील तर आता काही आठवड्यांसाठी केंद्र बघा. त्याच भेटीत सर्जनना दोन गोष्टी विचारा: रक्त पातळ करणारं औषध, जे साधारण चार-पाच आठवडे असतं, ते बंद झालं का, आणि हाडांच्या ठिसूळपणावर उपचार कधी सुरू करायचे. हाड जोडून दिलं जातं, पण ते मोडलं ज्या ठिसूळपणाने, त्याचे उपचार बहुतेकांचे राहूनच जातात.