सकाळी साडेसहाचं हॅरिस-ट्रम्प डिबेट: डिचोलीच्या एका मतदाराचा रिव्ह्यू

पहिल्यांदा निकाल सांगून टाकतो, पाचपैकी चार. फुकटात बघायला मिळालेली एवढी कामाची गोष्ट यंदा मी दुसरी बघितली नाही. एबीसी न्यूजने फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये घेतलेलं, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्पचं डिबेट, तिकडे १० सप्टेंबरची रात्र, आपल्याकडे ११ सप्टेंबर २०२४, बुधवार, सकाळी ६.३०. माझं मत तिकडे नाही, माझं मत गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. पण मतदार म्हणून बघताना मला काय मिळालं, काय नाही मिळालं, तेवढंच लिहितोय. कोण जिंकलं कोण हरलं ते सांगायला चॅनलवर भरपूर लोक बसलेत.

आमचा गणपती पाच दिवसांचा, त्यामुळे नेमका विसर्जनाचाच दिवस. घर भरलेलं, रात्री घुमट आरत्या उशिरापर्यंत चालल्या होत्या तरी काका, माझा चुलतभाऊ आणि वहिनी मुद्दाम उठून बसले कारण वहिनीचा भाऊ न्यू जर्सीला आहे आणि कमलाची आई तमिळनाडूतली असल्यामुळे बायकांमध्ये तिच्याबद्दल उत्सुकता होतीच. आधी आपल्याकडच्या एका न्यूज चॅनलवर लावलं. तिथे भाषांतर करणारा मूळ आवाजाच्या वर बोलतोय, खाली तीन-चार पट्ट्या धावतायत, दोघं काय बोलले ते कळायच्या आत स्टुडिओतले लोक मत द्यायला तयार! बंद केलं, मोबाईल टीव्हीला जोडला आणि यूट्यूबवर सरळ मूळ प्रक्षेपण लावलं, खाली इंग्रजी अक्षरं चालू केली म्हणजे काकांना ऐकू कमी येतं तरी वाचता येईल. ज्यांना बघायचंय त्यांना माझा सल्ला तोच, मूळ बघा, आणि पूर्ण बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तीस सेकंदांच्या क्लिपमधून ह्यातलं काहीच कळत नाही.

आता मांडणी. समोर प्रेक्षक नाहीत. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, घोषणा नाहीत. दोघं उभे, दोघांकडे एक पेन, एक कोरी वही आणि पाण्याची बाटली, लिहून आणलेला कागद चालणार नाही, प्रश्न आधी सांगितलेले नाहीत. उत्तराला २ मिनिटं, त्यावर समोरच्याला २ मिनिटं, मग खुलासा वगैरे करायला १ मिनिट. एक बोलत असताना दुसऱ्याचा माईक बंद असा नियम, मधे मधे तो ढिला केला हे दिसलं, ट्रम्पना जास्तीचं बोलायला बऱ्याच वेळा मिळालं, पण एकंदरीत माणूस काय म्हणतोय ते ऐकू येत होतं. आपल्याकडे संध्याकाळी टीव्हीवर सहा चौकटीत सहा जण एकदम ओरडतात ते बघून कान किटलेले, त्यामुळे एक माणूस दोन मिनिटं सलग बोलतोय आणि कोणी मधे घुसत नाही हे बघूनच बरं वाटलं. जूनमध्ये बायडन आणि ट्रम्पचं सीएनएनवर झालं तेही असंच बिनप्रेक्षकांचं होतं. त्यात बायडन अडखळले ते लपवायला काहीच नव्हतं, पुढे महिनाभरात त्यांनी माघार घेतली. सभेत झेंडे, ढोल आणि गर्दी असली की उमेदवाराचा थकवा, गोंधळ सगळं झाकलं जातं, इथे नाही झाकता येत.

सुरुवातीला कमला चालत ट्रम्पच्या टेबलाजवळ गेल्या, आपलं नाव सांगून हात पुढे केला. दोघं त्याआधी समोरासमोर भेटलेच नव्हते. काकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं, पण माझं लक्ष पहिल्या प्रश्नाकडे होतं आणि तिथेच मी निराश झालो. दोघांपैकी एक अँकर डेव्हिड म्युअरने सरळ विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा आज लोकांची स्थिती बरी आहे असं तुम्हाला वाटतं का? कमलांनी आपण मध्यमवर्गीय घरात वाढलो इथून सुरुवात केली, छोट्या धंद्याला ५० हजार डॉलरची करसवलत, लहान मुलांच्या आईबापांना ६ हजार डॉलर, सगळं सांगितलं, फक्त हो की नाही ते सांगितलं नाही. आणि म्युअरनी परत विचारलं नाही! गॅस सिलिंडर, नारळ, मासळी, कुठल्याही बाजारात जाणाऱ्या माणसाचा हाच पहिला प्रश्न असतो आणि तोच सोडून दिला. माझा पाचातला एक मार्क तिथेच गेला.

पण पुढे ते दोघं अँकर तयार झाले. दुसरी अँकर लिन्सी डेव्हिसने ट्रम्पना विचारलं की गर्भपातावर देशभर बंदीचा कायदा आला तर तुम्ही नकाराधिकार वापराल का, ते इकडे तिकडे गेले, तिने परत विचारलं, उत्तर आलंच नाही, पण आलं नाही हे सगळ्या देशाने बघितलं. आरोग्य विम्याचं तेच. नऊ वर्षं सांगताय ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्य विम्याच्या कायद्याच्या जागी चांगलं काहीतरी आणतो, आता प्लॅन आहे का? ते म्हणाले प्लॅनची कल्पना आहे. युक्रेनचं तेच, युक्रेनने जिंकावं असं वाटतं का, दोनदा विचारलं, दोन्ही वेळा युद्ध थांबवायला हवं एवढंच. मला ह्या सगळ्या कार्यक्रमात सगळ्यात किमती काय वाटलं असेल तर हा दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर प्रत्येकाकडे असतं. दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला की माणूस उघडा पडतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

आणि एक जागा अशी आली की मी चहा खाली ठेवला. फ्रॅकिंग. जमिनीखालच्या खडकात पाणी आणि रसायनं जोरात घुसवून गॅस आणि तेल काढतात ते, पेनसिल्व्हेनियात ह्यावर कितीतरी लोकांची पोटं आहेत आणि तितकेच लोक पाण्याची काळजी करत बसलेत. २०१९ मध्ये कमला म्हणाल्या होत्या बंदी आणू, आता म्हणतात आणणार नाही. डेव्हिसनी ते तोंडावर विचारलं, तुमचं मत बदललं ते का? उत्तर काही फार पटणारं नव्हतं, माझी मूल्यं बदलली नाहीत वगैरे, पण प्रश्न विचारला गेला ना! आम्ही खाणपट्ट्यातली माणसं. २०१२ ला खाणी बंद, मग चालू, मग फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि परत सगळं ठप्प, ट्रक दारात गंजत उभे, हप्ते चालूच. दुसऱ्या बाजूला शेतात आलेला लाल चिखल आणि आटलेल्या विहिरी आहेत, त्याही खोट्या नाहीत. इतक्या वर्षांत किती जणांनी खाणीवर बाजू बदलली! पण एकालाही माईकसमोर उभं करून, अमक्या साली तुम्ही हे म्हणाला होता, आज हे म्हणताय, का ते सांगा, असं दुसऱ्या उमेदवारासमोर विचारलेलं मी बघितलेलं नाही. चुलतभाऊ तेव्हाच म्हणाला, "हांगा अशें विचारपी कोण आसा?" (इथे असं विचारणारा कोण आहे?) त्याचे स्वतःचे ट्रक होते, त्याला विचारायचा हक्क आहे.

ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड शहराचा भाग सगळ्यांनी क्लिपमध्ये बघितलाच असेल. बाहेरून आलेले लोक कुत्री मांजरं खातात असं ट्रम्प म्हणाले, म्युअरनी तिथल्या तिथे सांगितलं की शहराच्या प्रशासनाशी आम्ही बोललो, असा काही पुरावा नाही. घरात हसू आलं, पण मला हसावंसं वाटलं नाही. बाहेरून कामाला आलेल्या माणसांबद्दल आपल्याकडेही निवडणुकीच्या तोंडावर काय काय बोललं जातं ते आपण सगळे ऐकतो, आणि तिथल्या तिथे थांबवणारं कोणी नसतं. जन्मलेल्या बाळाला मारण्याची परवानगी आहे ह्या दाव्यालाही डेव्हिसनी लगेच थांबवलं, असं कुठल्याच राज्यात कायदेशीर नाही म्हणून.

पण इथे एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. दुरुस्त्या झाल्या त्या ट्रम्पच्याच. कमला म्हणाल्या की आज आमचा एकही सैनिक जगातल्या कुठल्याही युद्धक्षेत्रात तैनात नाही, तेव्हा सिरिया, इराकमध्ये त्यांचे सैनिक होतेच, पण कोणी काही बोललं नाही. ट्रम्प जास्त खोटं बोलले म्हणून जास्त दुरुस्त्या झाल्या हे मला मान्य आहे. तरी एका बाजूची एकही होत नाही तेव्हा बघणारा म्हणतो हे ठरवून केलंय, आणि मग खऱ्या दुरुस्तीवरचाही त्याचा विश्वास उडतो. हे सांभाळायला पाहिजे होतं.

बाकी दोन जाहिरातींचे ब्रेक, ठीक. ९० मिनिटांचं होतं ते थोडं लांबलं. हवामान बदलाला शेवटी शेवटी एक प्रश्न मिळाला, किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते फारच थोडं वाटलं. ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्यांबद्दल वेगळा प्रश्न आलाच नाही, वहिनी त्याचीच वाट बघत बसली होती.

तिकडे साधारण ६ कोटी ७० लाख लोकांनी हे टीव्हीवर बघितलं. त्यांचं पहिलं टीव्ही डिबेट, केनेडी आणि निक्सनचं, २६ सप्टेंबर १९६० ला झालं, तेव्हा गोव्यात आपण सालाझारच्या राज्यात होतो. ह्या तारखेवरून काकांनी १९६७ च्या ओपिनियन पोलचा विषय काढला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (फूल) की वेगळा ठेवायचा (दोन पानं), घराघरात भांडणं, एकाच ओट्यावर दोन बाजूंचे लोक बसून वाद घालायचे. ते म्हणाले तेव्हा समोरच्याला उत्तर द्यावं लागायचं, आता पोस्टर लावलं की झालं. मला ते पटतं. मतदानाला आपण गोंयकार मागे नाही, २०२४ च्या लोकसभेला मे महिन्यात उन्हात रांगा लावून ७५ टक्क्यांच्या वर मतदान केलं. मत देतो तर उत्तर मागायला काय हरकत आहे?

आणि आपल्याला हे करणं अमेरिकेपेक्षा सोपं आहे. ४० मतदारसंघ, एकेकात सरासरी तीसेक हजार मतदार, उमेदवार नावानिशी ओळखीचे. साखळीच्या रवींद्र भवनासारखा एक हॉल, प्रेक्षक नकोत, दोन माईक, माईक बंद करायला एक माणूस, आणि कुठल्याच पक्षाच्या कार्यक्रमाला न जाणारे दोन निवृत्त मास्तर प्रश्न विचारायला. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी दाखवा. विधानसभा २०२७ ला आहे. मी माझे प्रश्न आत्ताच देऊन ठेवतो: नगरनियोजन कायद्याच्या कलम १७ (२) खाली आपल्या तालुक्यातल्या किती जमिनीचा झोन बदलला आणि तेव्हा तुम्ही काय बोललात? कर्नाटकाने म्हादई नदीचं पाणी वळवलं तर आमच्या बाजूला काय उरणार आणि त्यासाठी तुम्ही आजपर्यंत काय केलं? खाण चालू असेल तर गावच्या ट्रकला काम किती आणि गावच्या विहिरीची जबाबदारी कोणाची? उत्तर फिरवलं तर मास्तरांनी पुढच्या प्रश्नावर जायचं नाही, तोच परत विचारायचा.